डावी भुवई

छत्तिसाव्या वर्षी माणसाने नव्या धंद्यात पडू नये, आणि पडायचंच असेल तर सिनेमाच्या धंद्यात तर मुळीच नाही, असं मला आई सोडून सगळ्यांनी सांगून झालं होतं. आईने उलट आपल्या धाकट्या भावाला फोन लावला आणि म्हणाली, हिला कुठेतरी चिकटव, दिवसभर घरात बसून माझं डोकं खाते. अकरा वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखाना बंद पडला आणि मी घरी बसले. मामा सिनेमात मेकअपमन. तीस वर्षं तो तरण्याताठ्या माणसांना म्हातारं करतोय आणि धडधाकट माणसांना जखमा लावतोय. त्याने शब्द टाकला आणि मला काम मिळालं. एकच अट घातली: तिथे मला मामा म्हणायचं नाही. सगळे दादा म्हणतात, तूही दादा म्हण. वशिल्याची म्हणून तुझ्याकडे कुणी बघायला नको.

काम होतं कंटिन्युइटीचं. सिनेमा काही पुस्तकासारखा पहिल्या पानापासून सुरू होत नाही. नायिका जिन्यावरून पडते ते सोमवारी चित्रित होतं, ती त्याच संध्याकाळी घरी येते ते शुक्रवारी, आणि मधल्या तीन दिवसांत तिचं बालपणीचं घर जळून जातं. तेव्हा कुठलं बटण उघडं होतं, पेल्यात पाणी किती होतं, जखम कुठे होती हे कुणीतरी लिहून ठेवावं लागतं, फोटो काढून ठेवावे लागतात. चुकाच शोधायच्या ना, मला वाटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ. छापखान्यात चूक सापडली की लोक हुश्श म्हणायचे. इथे चूक सापडली की ती तुमचीच असते, हे मला नंतर कळलं.

मला शिकवणाऱ्या ताई आठव्या दिवशी बाथरूममध्ये घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये घालून घरी पडल्या. त्यांच्या जागी माणूस शोधायला वेळ नव्हता. फोनवर त्यांनी मला एवढंच सांगितलं: आपण कधी मोठ्याने बोलायचं नाही. सरांच्या कानाशी जायचं, एक वाक्य बोलायचं, मागे यायचं. आणि चूक दिसली की पुढचा टेक सुरू व्हायच्या आत बोलायचं. त्यानंतर बोललीस तर ती चूक राहत नाही, लपवाछपवी होते.

सर म्हणजे दिग्दर्शक. ते ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांच्याबद्दल युनिटमध्ये म्हणत, सरांचा आवाज चढला तर खुशाल जेवायला बसा, आवाज उतरला तर बॅग भरा. माझ्या आधीच्या मुलीशी ते इतक्या हळू बोलले होते म्हणे, की तिला दोनदा विचारावं लागलं.

त्या दिवसापासून मला सकाळी घास गिळवेना. वहीत मी इतकं लिहायचे की हात दुखायचा. पंख्याचा वेग लिहायचे, पडद्याच्या चुण्या लिहायचे. चार दिवस निभावले. पाचवा दिवस शुक्रवार होता, आणि भाड्याने घेतलेल्या त्या बंगल्यातला आमचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी घरमालक परत येणार होते, त्यामुळे जे राहील ते राहीलच.

सकाळी मामाने नायिकेला, म्हणजे बाईंना, समोर बसवलं आणि जखमेची डबी उघडली. ब्रश हातात घेऊन तो थांबला. तो कधी थांबत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, सोमवारचा फोटो दाखव. मी मोबाइल पुढे केला. त्याने फोटो पाहिला, बाईंचा चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला.

"पक्कं ना?"

"फोटोच आहे ना, दादा."

त्याने मान हलवली आणि बाईंच्या उजव्या भुवईवर जखम बसवली. बाई डोळे मिटून होत्या. त्या एकाच वेळी दोन सिनेमे करत होत्या, आपल्याला कुठे लागलं आहे हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाच शॉट झाले. सर खुशीत होते, म्हणजे काहीच बोलत नव्हते.

बंगल्याच्या मागच्या पायरीवर मामा डबा उघडून बसला होता, पण खात नव्हता. मी शेजारी बसले. त्याने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. मग म्हणाला, हा सिनेमा झाला की मी काम सोडतोय. मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती.

"सकाळी मी शपथेवर सांगितलं असतं की जखम डावीकडे होती," तो म्हणाला. "सोमवारी बसवतानाचा माझा हात मला आठवत होता. कोपर खुर्चीला लागत होतं तेसुद्धा आठवत होतं. आणि फोटोत बघतो तर उजवीकडे. थोरल्याचं असंच सुरू झालं होतं गं."

थोरला मामा शेवटची चार वर्षं कुणाला ओळखत नव्हता. आईला तो शिक्षिका समजायचा आणि ती आली की उभा राहायचा. आमच्या घरात त्याचं नाव निघालं की लोक विषय बदलतात. मामाने ते आज आपणहून काढलं होतं. मी म्हटलं, एका दिवसाने काय होतं, तू दमला आहेस. तो हो म्हणाला, तसाच डबा बंद केला आणि उठून गेला.

त्याची समजूत घालायची म्हणून, की माझी, मी तो फोटो पुन्हा काढला. भुवई मोठी करून पाहिली. जखम उजवीकडेच. मग फोटो खाली सरकवला. बाईंच्या गळ्याभोवती टॉवेल होता. मेकअपच्या प्रत्येक टॉवेलवर धोबी काळ्या शाईने आकडा घालतो, म्हणजे ते कपड्यांच्या टॉवेलांत मिसळत नाहीत. त्यावर ३२ होतं. उलटं होतं.

सोमवारी बाई आरशासमोर फोनवर बोलत बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. बाई, जरा वळता का, एवढं म्हणायचं होतं. तेवढं धाडस झालं नाही. मी मागे उभी राहिले आणि आरशात जे दिसत होतं त्याचा फोटो काढला. आरशाची चौकट न येता फक्त चेहरा आणि गळा येईल असा, नीट, अगदी स्वच्छ. अकरा वर्षं उलटी अक्षरं पकडणाऱ्या मी उलटा चेहरा वहीला जोडला होता.

मी खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते मामाचं नव्हतं. पहिल्यांदा आलं की फोटो पुसून टाकावा. संकलकाला दोन महिन्यांनी दिसेल, तोवर कोण कुठे असेल. ताई परत येतील, मी जुनी होईन. प्रेक्षक जखम कुठे बघतात, रडणं बघतात. मोबाइलवर कचरापेटीचं चित्र होतं आणि अंगठा त्याच्या वर होता.

तेवढ्यात सगळ्यांना आत बोलावलं. मी फोटो पुसला नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. मोबाइल खिशात घातला आणि मॉनिटरशेजारी माझ्या स्टुलावर जाऊन बसले. सहावा शॉट बाईंच्या चेहऱ्याचा होता, अगदी जवळून. उजवी भुवई पडद्यावर वितीएवढी दिसत होती. पहिला टेक झाला. मी बोलले नाही. दुसरा झाला. मी वहीत वेळ लिहिली. अक्षर माझं वाटत नव्हतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टेकच्या मध्ये मामा रक्त ओलं करायला पुढे आला. बाईंकडे वाकायच्या आधी त्याने डावा तळहात उघडला आणि त्यात पाहिलं. मी अगदी जवळ होते. हातावर पेनाने लिहिलं होतं: उजवी.

तीस वर्षांत मामाने हातावर काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. थोरल्या मामाच्या हातावर शेवटी घरचा फोन नंबर लिहिलेला असायचा.

मी उठले. सरांच्या खुर्चीपर्यंत चार पावलं होती. ती मी कशी टाकली ते मला माहीत नाही. त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, सर, जखम उलट्या बाजूला आहे, सोमवारी डावीकडे होती.

सर माझ्याकडे वळले नाहीत. त्यांनी हात वर केला, खोलीतला आवाज थांबला. मग त्यांनी मामाला बोलावलं. मामा ब्रश घेऊन आला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला.

"दादा, जखम सोमवारी कुठे होती?" सरांनी विचारलं. आवाज उतरला होता.

मामाने तळहात मिटला. "चुकलं असेल, सर," तो म्हणाला. "हल्ली माझं लक्षात राहत नाही."

हे त्याने वीस माणसांसमोर म्हटलं. प्रकाशवाल्यांनी खाली पाहिलं. कुणीतरी खोकलं. ज्या गोष्टीची त्याला अंथरुणात पडल्यावरही भीती वाटत असणार, ती त्याने माझ्यासाठी नव्हे, खरी वाटली म्हणून कबूल केली. मागे यायचं, एकच वाक्य बोलायचं, हे सगळं मी विसरले.

"मामाचं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं, आणि खोलीच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "त्याला बरोबर आठवत होतं. सोमवारी मी आरशातला फोटो काढला. बाईंना वळा म्हणायला घाबरले. त्याने सकाळी विचारलंसुद्धा, मीच पक्कं म्हटलं. मला जेवणाच्या सुट्टीत कळलं आणि दोन टेक मी गप्प बसले."

मोबाइल पुढे केला. टॉवेलावरचा आकडा दाखवला. सरांनी माझं मनगट धरून फोटो पाहिला.

त्यांनी विचारलं, किती शॉट गेले. वही उघडायची गरज पडली नाही. पाच झालेत, मी म्हटलं, दोनमध्ये बाईंची पाठ आहे, एकात केस कपाळावर आहेत. राहिले दोन, आणि हा. तीन परत घ्यावे लागतील. सरांनी कॅमेरामनला विचारलं, उजेड किती वाजेपर्यंत. तो म्हणाला, साडेपाच. सरांनी घड्याळ पाहिलं. मग ते माझ्याशी काहीतरी बोलले, अगदी हळू. माझ्या कानांत नुसती धडधड चालली होती. आरशापासून दहा हात लांब, एवढंच मला ऐकू आलं. पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मामाने बाईंना खुर्चीत बसवलं. उजवीकडची जखम सोलून काढली, डावीकडे बोटाने जागा चाचपली. मी सवयीने मोबाइल पुढे केला. त्याने तो कोपराने बाजूला सारला. जखम बसली. कोपर खुर्चीच्या हाताला लागत होतं.

साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना तिसरा शॉट संपला. मी वह्या ताईंच्या पिशवीत नीट लावल्या, वर एक चिठ्ठी ठेवली, म्हणजे नव्या माणसाला सापडाव्यात.

बसमध्ये मामा खिडकीशी बसला. दोन थांबे गेल्यावर म्हणाला, सगळ्यांसमोर मामा म्हणालीस, आता उद्या सगळे मला मामाच म्हणतील. मी म्हटलं, मला उद्याचं कशाला सांगतोस. मला काढलं आहे. आईला तू सांग.

"कोण म्हणालं?"

"सरांचा आवाज उतरला होता."

"आवाज राहू दे. शब्द काय होते?"

मला सांगता येईना. आरसा, दहा हात, पुढचं मागचं काही नाही.

"उद्यापासून आरशापासून दहा हात लांब उभं राहायचं," मामा म्हणाला. "असं म्हणाले. आधी उद्यापासून म्हणाले, मग चष्मा काढला, मग बाकीचं."

मी विचारलं, तुला नक्की आठवतंय?

त्याने डावा तळहात उघडला. घामाने अक्षर फिकट झालं होतं, पण वाचता येत होतं. अंगठ्याला थुंकी लावून त्याने ते पुसलं आणि हात पँटला घासला.

"नक्की आठवतंय," मामा म्हणाला.