उत्तर येईपर्यंत

पर्समध्ये सुट्टे पैसे शोधताना बोटांना ती कडी लागली — गार, जड, एका बाजूला फिरकीचं झाकण असलेली — आणि मोहिनीच्या लक्षात आलं की परवा रविवारी कातळावर चढताना कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली ही दोराची कडी चढाई शिकवणाऱ्या खंडेरावांना परत द्यायची राहूनच गेली. कंडक्टर हात पुढे करून उभा होता. तिकीट घेतल्यावरही तिने हात पर्समधून काढला नाही, झाकण अंगठ्याने फिरवत राहिली, उघड, बंद, उघड. शेजारची बाई तिच्याकडे पाहत होती. पाहू दे.

शाळा सुटलेल्या मुलांना पुन्हा शाळेत बसवायचं हे मोहिनीचं संस्थेतलं काम, आणि गेल्या वर्षापासून त्याला रविवारचा डोंगर जोडला गेला होता. पुण्याहून आलेल्या कुणीतरी शिबिरात सांगितलं की कातळ चढून मुलांचा आत्मविश्वास वाढतो, आणि संस्थेला ते पटलं. मोहिनीला तेव्हा हसू आलं होतं. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतून आलेली मुलं, आणि त्यांना आपण पांडवलेण्यांमागचा डोंगर दाखवायला नेणार! पण तिला विचारलं तेव्हा तिने लगेच हो म्हटलं, कारण ती नेहमीच लगेच हो म्हणते. जमेल, होईल, येतील सगळी, मी आहे ना… उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई म्हणायची, आणि आईला ते कौतुकाने म्हणायचं नसे.

शुक्रवारीही तसंच झालं. मुख्याध्यापिका ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "साळूचं नाव पटावर पुन्हा घेते, पण ती हजेरीला उत्तर देणार का? सुनील सरांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे." मोहिनी म्हणाली, "देईल. मी सांगते ना." साळूला तिने विचारलं नव्हतं. अजूनही विचारलेलं नाही.

साळू सातवीत. पेठ रोडच्या वस्तीत मावशीकडे राहणारी, काळीसावळी, रुंद पावलांची. जूनमध्ये पहिल्या दिवशी सरांनी नाव घेतलं तेव्हा तिने गावाकडच्यासारखी हाळी दिली होती — तिकडे एका उतारावरून दुसऱ्या उताराला हाक घालतात, मध्ये दरी असते, आवाज पोटातून काढावा लागतो — आणि सगळा वर्ग हसला होता, सरसुद्धा. त्यानंतर तिने हजेरीला तोंड उघडलं नाही. सर मान खाली घालून नावं वाचायचे, उत्तर आलं नाही की गैरहजर मांडायचे, मग ती पुढ्यात दुसऱ्या बाकावर बसलेली का असेना. एकदा मोहिनीने त्यांना हे बोलून दाखवलं, तर ते शांतपणे म्हणाले, "बाई, तोंड आहे ना तिला?" तसे ते वाईट नाहीत. गणित छान शिकवतात. पण दिवाळीपर्यंत रोज शाळेत येणारी मुलगी न येण्याबद्दल पटावरून गेली, आणि यात कुणालाच काही विचित्र वाटलं नाही.

शाळेच्या फाटकाशी साळूचा बाप नाथा उभा होता, खांद्याला बोचकं. निफाडच्या द्राक्षबागांत विरळणी सुरू झाली होती. घडातले जास्तीचे मणी काढायला पोरींची बोटं लागतात.

"राम राम बाई. ती आत बसली हाय," तो म्हणाला. "टेम्पो नाक्यावर हाय, आमचीच वाट बघतोय. आज सरांनी हजर धरली तर ऱ्हाऊ द्या तिला, मी काय आडवा येत नाय. पर नायच धरली, तर मंग नेतो. शाळाच म्हनते पोरगी येत नाय, मी किती भांडू?"

"धरतील," मोहिनी म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला स्वतःचीच चीड आली.

जिना चढताना पुन्हा रविवार आठवला. खंडेराव एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, जन्म उंच धुराड्यांवर गेलेला, त्यांचा एकच नियम: वर चढणाऱ्याने विचारायचं, "दोर?" वरच्याने सांगायचं, "धरलाय!" उत्तर आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मुलांनी आग्रह केला, बाई तुम्हीपण, आणि अर्थात ती हो म्हणाली. मधल्या कंगोऱ्यापर्यंत ठीक होतं. तिथे पाय ठेवायला जेमतेम जागा, खाली महामार्गावरच्या ट्रकांचे इवलेसे टप, पुढची पायरी डावीकडे, मध्ये नुसता गुळगुळीत दगड. दोर साळूच्या हातात, खंडेराव तिच्या मागे, पण खालून दोघंही दिसत नव्हते. मोहिनीने विचारलं, "दोर?"

उत्तर आलं नाही.

कमरेपाशी दोर ढिला लोंबत होता. तिने पुन्हा विचारलं, आवाज चिरकला. काही नाही. तेव्हा तिला भीती वाटली, साधी, उघडीवाघडी भीती, पोटरीपासून वर चढणारी… आणि त्या भीतीत असं वाटलं की आपण आजवर कधी कुणाच्या उत्तरासाठी थांबलोच नाही. घरी नाही, कामावर नाही. नवऱ्याने, सुहासने, बदलीचं विचारलं तेव्हा त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं, आणि नंतर वर्षभर कुढत बसलो. दुसऱ्यांचीही उत्तरं आपणच देऊन टाकली, शांतता नको म्हणून. इथे मात्र देता येत नव्हतं. स्वतःच "धरलाय" म्हणून पाय उचलला असता तर सरळ खाली.

मग आधी दोर सरसरत वर गेला, कमरेला घट्ट बसला. आणि त्यानंतर आवाज आला, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा: "धरलाय बाई! या!"

वर पोचल्यावर तिने धापा टाकत विचारलं, "एवढा वेळ का लावलास गं?"

साळूने दोर कमरेमागून घेतला होता, टाच दगडाला रोवलेली. तिला प्रश्नच कळला नाही बहुतेक. "दोर ढिला व्हता ना," ती म्हणाली. "मंग धरायच्या आधीच धरलाय म्हनू?"

खंडेराव हसले. मोहिनीला हसू आलं नव्हतं.

आता सातवीच्या वर्गाबाहेर ती खिडकीशेजारी उभी राहिली. खरं तर थांबायचं नव्हतं, सातपूरला दुसऱ्या शाळेत जायचं होतं, तिथेही कुणाला तरी हो म्हटलं होतं. आत सुनील सर खुर्चीवर, मान खाली. खिडकीतून साळूची पाठ दिसत होती, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि बाकाखाली चपला काढून फरशीवर टेकलेली पावलं.

"किशोर." "हजर सर." "गोरक्ष." "हजर." "तेजस्विनी." "हजर सर."

"साळू नाथा."

 पुढच्या बाकावरचा एक मुलगा आधीच हसायच्या तयारीत मागे वळला. मोहिनीचे ओठ उघडले होते — आहे सर, हजर आहे, ती काय समोर बसलीय — शब्द जिभेच्या टोकावर आलेला, इतका सरावाचा, आणि तो बोलला की सगळं सुटणार होतं, नाथा एकटाच नाक्यावर जाणार होता, आजच्यापुरतं. उद्या पुन्हा हजेरी होतीच. परवाही. निफाडचा हंगाम मार्चपर्यंत.

तिने ओठ मिटले. पर्समधली कडी तळव्यात रुतत होती. फाटकाकडून नाथाचं खाकरणं ऐकू आलं; सरांचं पेन कागदाजवळ गेलं आणि थांबलं. कदाचित आज पहिल्यांदाच ते थांबलं असेल, कदाचित नेहमीच थांबत असेल, तिने कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या बाकाखाली साळूचं डावं पाऊल हळूच मागे सरकलं, टाच बाकाच्या लोखंडी पायाला टेकली, दाबली गेली.

मोहिनीच्या पोटरीत तीच भीती चढू लागली. ती तशीच उभी राहिली. पाय उचलला नाही.