नव्या नळीची पहिली गोळी

बाबांना त्या वर्षी सोडतीत एडका लागला. आमच्या मोन्टानात डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना नुसता मागून मिळत नाही, चिठ्ठी निघावी लागते. बाबा तरुणपणापासून दर वर्षी अर्ज टाकत होते आणि आई दर वर्षी चिडवायची की तुमची चिठ्ठी उंदराने खाल्ली असेल. आई गेली. लाकूडगिरणीच्या भुशाने बाबांची फुफ्फुसं कामातून गेली. आणि मग चिठ्ठी निघाली. डॉक्टरांनी डोंगर चढायला साफ मनाई केली. बाबांनी त्यांना विचारलं, तुम्हाला लागलाय का कधी एडका? आणि टोपी घालून घरी आले.

त्यांची रायफल माझ्याहून वयाने मोठी. नळीच्या आतल्या आट्या पार झिजल्या होत्या, गोळी कुठेही जायची. म्हणून उन्हाळ्यात त्यांनी नवी नळी बसवून घेतली आणि सप्टेंबरात आम्ही तिला वळण लावायला गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेलो. आम्ही म्हणजे बाबा, मी आणि माझा नवरा एमेट.

एमेट शिकागोचा. आमच्या गावात त्याची बेकरी आहे. बाबा त्याचा पाव रोज खायचे आणि एकदाही चांगला म्हणायचे नाहीत. एमेटने जन्मात बंदूक धरली नव्हती, पण त्या दिवशी तो हट्टाने आला. सासऱ्याच्या मनात शिरायचं तर या नळीतूनच शिरता येईल, असं त्याने ठरवलं असावं. मला त्याची दया येत होती आणि थोडा रागही. कशाला एवढं लाचार व्हायचं?

नवी नळी नव्या बुटासारखी असते, लगेच लांबच्या वाटेला नेता येत नाही. आतून कितीही गुळगुळीत दिसली तरी हत्याराच्या बारीक खुणा राहिलेल्या असतात आणि गोळीवरचं तांबं तिथे खरवडून चिकटतं. म्हणून एक गोळी झाडायची, द्रावणात भिजवलेलं फडकं गजावर लावून आतून फिरवायचं, फडकं निळसर हिरवं निघालं की तांबं आहे असं समजायचं, फडकी पांढरी निघेपर्यंत पुसत राहायचं. मग पुढची गोळी. काम कंटाळवाणं आहे. बाबांना ते देवळातल्या प्रार्थनेहून प्रिय.

बाबांनी पहिली गोळी झाडली आणि गज एमेटच्या हातात दिला. एमेटने तो नळीच्या तोंडातून आत घातला. बाबांनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

"तोंडाकडून नाही. तोंडाची कड खरवडली की गोळी झिंगल्यासारखी जाते. मागून घाल, पुढे काढ."

"हो सर."

"आणि सर म्हणू नकोस, जावईबापू. मी काही तुझी हजेरी घेत नाही."

घेतच होते की. दुपारपर्यंत त्यांनी त्याला बोटं कशी धरायची इथपासून श्वास कुठे सोडायचा इथपर्यंत पिडलं. एमेट मान खाली घालून गज चालवत राहिला. कणीक मळणारे हात, सावकाश आणि सारखे. फडक्यावरचा हिरवा रंग दर वेळी फिका होत गेला आणि शेवटी फडकं अगदी पांढरं निघालं, तेव्हा त्याने ते बाबांपुढे धरलं. बाबा म्हणाले, "हं." एमेटला तेवढं पुरलं. नंतर त्याला पीठ भिजवायला बेकरीत जायचं होतं, तो निघून गेला.

धडा तिथे संपला नव्हता. उरलेला अर्धा भाग मला पाठ होता, म्हणून बाबा बोललेही नाहीत. एकदा वळण लागलं की चार-पाच गोळ्या न पुसता झाडायच्या आणि नळी तशीच ठेवायची. बिडाच्या तव्याला जसा तेलाचा थर हवा तसा नळीला थोडा मळ हवा. पुसलेल्या नळीतली पहिली गोळी भलतीकडे जाऊ शकते, त्यातून आत तेल राहिलं असेल तर विचारूच नका. बाबांनी त्या गोळ्या झाडल्या, रायफल गवसणीत घातली आणि सांगितलं, आता हिला एडक्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. हे ऐकायला एमेट तिथे नव्हता.

ऑक्टोबरात आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी मोठं हिमवादळ यायचं होतं. ते आलं की खिंड वसंतापर्यंत बंद, आणि वसंतापर्यंत बाबांची काय अवस्था असेल हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. खिंडीपर्यंत घोड्यांवर गेलो. पुढचा कडा पायीच चढायचा. बाबा दर थोड्या वेळाने थांबायचे आणि दृश्य बघत असल्याचं नाटक करायचे. मी रायफल घेतली होती, एमेट त्यांचं सामान आणि निम्मा वेळ त्यांनाही घेऊन चालत होता. एकदा बाबा त्याच्या खांद्यावर हात टेकून म्हणाले की पाववाल्याला खांदे बरे असतात. एमेट लाजला.

माथ्यावर पोटावर सरपटत गेलो आणि समोर, दरीपलीकडच्या उतारावर, एडके बसलेले दिसले. चार-पाच लहान आणि एक थोरला. अंतर तीनशे वारांच्या वरच. मध्ये दरी असल्याने जवळ जायला वाट नाही. वारा आमच्या तोंडावर, म्हणजे त्यांना आमचा वास नाही. बाबांनी पिशवीवर रायफल टेकवली आणि तिच्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावला. चढणीवर धापा टाकणारा तो माणूस एकाएकी इतका शांत झाला की मी त्यांच्या पाठीकडे बघून श्वास चालू आहे ना याची खात्री केली.

"डाव्या शिंगाचं टोक तुटलंय," ते पुटपुटले. "झुंजीत तुटलं असणार. आणि उजव्या कानाला चीर आहे."

मला साध्या डोळ्यांनी फक्त एक तपकिरी ठिपका दिसत होता. थोरला उठला आणि आडवा वळू लागला. बाबांनी रायफलची मागची कडी, बोल्ट, सारून काडतूस आत घेतलं.

तेवढ्यात एमेट माझ्या कानाशी आला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "काल बाबा झोपल्यावर मी नळी साफ केली," तो म्हणाला. "फडकं पांढरंशुभ्र निघालं. वर तेलाचा हातही दिला. परत गेल्यावर त्यांना सांगणार आहे."

बाबांचं बोट चापाकडे सरकत होतं. सांगितलं तर आयुष्यभर वाट पाहिलेला एडका जातो आणि एमेट कायमचा मनातून उतरतो. नाही सांगितलं आणि गोळी पोटात किंवा पायात लागली तर ते जनावर कपारीत जाऊन दोन दिवस तडफडून मरतं, आणि बाबा ते चित्र डोळ्यांपुढे घेऊनच जग सोडतात. जखमी जनावर सोडून आलेल्या माणसाशी बाबा गावात बोलत नसत. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय?" मान न हलवता त्यांनी विचारलं.

"नळी पुसलेली आहे. आत तेल आहे. मी पुसली."

बाबांनी बोट बाजूला घेतलं. "तू नाही," ते म्हणाले. "तुला मी शिकवलंय."

मग त्यांनी मान वळवून एमेटकडे पाहिलं. आपण काहीतरी भयंकर केलंय एवढं त्याला कळलं, पण काय ते कळेना. गज घरीच राहिलेला. तेल पुसायचं तर एकच उपाय होता, गोळी झाडणं. आणि थोरला एडका समोर आडवा उभा, जसा शिकाऱ्याच्या स्वप्नात उभा राहतो तसा.

बाबा हळूच कुशीवर वळले. रायफल एडक्यांपासून फिरवून त्यांनी मागच्या मातीच्या दरडीकडे रोखली. कधीकधी ही जनावरं बंदुकीच्या बारालाही दरड कोसळल्याचा आवाज समजतात आणि जागीच उभी राहतात. कधीकधी. बाबांनी आम्हाला कान झाका अशी खूण केली आणि ती गोळी मातीत घातली.

आवाज दरीत घुमत राहिला. सगळे एडके माना वर करून उभे राहिले. पळाले नाहीत. बाबा परत पोटावर आले, बोल्ट मागे-पुढे झाला, डोळा दुर्बिणीला लागला. थोरला आता आमच्याकडे पाठ करून उभा होता. पाठीवर गोळी घालत नाहीत. तो नुसता वळायला हवा होता. मी मनात त्याला विनवण्या करत होते, शिव्या देत होते. वळ ना रे बाबा, एकदाच वळ.

एक लहान एडका बिथरला आणि उड्या मारत वर निघाला. त्याच्यामागे दुसरा. थोरल्याने क्षणभर विचार केला आणि तोही, सरळ पाठ दाखवत, दगडांवरून चढून माथ्यापलीकडे दिसेनासा झाला. बाबांनी शेवटपर्यंत डोळा काढला नाही. मग बोल्ट उघडून काडतूस काढलं आणि खिशात टाकलं.

एमेट रडत होता. मोठा माणूस, खांद्यावर सासऱ्याचं ओझं घेऊन डोंगर चढलेला, लहान मुलासारखा बाहीने नाक पुसत होता. माझ्यामुळे गेला, एवढंच तो परत परत म्हणत होता. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटत होती.

बाबा बराच वेळ पलीकडच्या रिकाम्या उताराकडे बघत बसले. ढग उतरायला लागले होते.

"उगी रडू नकोस," ते अखेर म्हणाले. "सुटलो मी. मला काही दिसतच नव्हतं. चढून डोळ्यांपुढे अंधारी आली होती, शिंग कुठलं आणि दगड कुठला कळत नव्हतं. झाडली असती तर पोटात लागली असती. तू साफ केलीस म्हणून वाचला तो, आणि मीही."

"खरंच?" एमेटने विचारलं.

"बंदुकीच्या बाबतीत मी कधी खोटं बोललोय का? विचार हिला."

एमेटने माझ्याकडे पाहिलं. त्या घटकेपर्यंत बाबा बंदुकीच्या बाबतीत एकदाही खोटं बोलले नव्हते. "नाही," मी म्हणाले, "कधीच नाही." आणि रायफल खांद्याला अडकवून पुढे चालू लागले, म्हणजे दोघांनाही माझं तोंड दिसू नये.