विहिरीच्या वळणावरचे फोटो

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पोटात हजारो फोटो घेऊन मालनच्या गळ्यात लटकत होते आणि जीव तोडून सांगत होते, की भांडताय कशाला, माझ्यात बघा. पण कॅमेऱ्याचं कोण ऐकतं? माणसांना फोटो पाहिजेत ते हसणारे. खरे नकोत.

होय, कॅमेराच मी. लोक 'तो कॅमेरा' म्हणतात, म्हणू देत. वर्षभर एका बाईच्या छातीवर राहिले, तिच्यासारखीच बोलायला लागले.

मी चंदेरी, तळहाताएवढी, दोन पेन्सिल सेलवर चालणारी. कुठल्या कारखान्यात बनले ठाऊक नाही. डोळा उघडला तो दुकानाच्या काचेत. तिथून मला सुयोगने उचललं, मालनच्या पुतण्याने. चार लग्नं, एक गोवा, ऑफिसातल्या दोस्तांचे दात, एवढं मी पाहिलं. मग त्याने फोन घेतला आणि मला खणात टाकलं. जुन्या चाव्या, मेलेल्या वायरी आणि मी. दहा-बारा वर्षं काळोख. वाटायचं, कोणीतरी निदान चुकून तरी बटण दाबावं.

मालन आली आणि मी सुटले.

ती देवगडकडची. नवरा शिवदास, त्याला साकीनाक्याला एका वर्कशॉपात राखणदारी मिळाली, म्हणून पन्नाशीला टेकल्यावर दोघं मुंबईत आली. अंधेरीतल्या एका जुन्या गावठाणात, रोझमेरीबाईच्या घरामागे एक खोली भाड्याने. चौथी शिकलेली मालन, पण पायाला भिंगरी. शिवदास म्हणायचा, "अगो, बस जरा घरात. खंय फिरतंस?"

"बसाक मी काय खुडूक कोंबडी आसय?" ती विचारायची, आणि चपला घालायची.

तिसऱ्याच दिवशी हरवली. मेट्रोचे खांब धरून चालत सुटली ती घाटकोपरच्या अंगाला पोचली. खांब सगळे एका आईचे, बिल्डिंगी सगळ्या एकाच साच्यातल्या. ज्याला विचारावं तो हात वर करून "सीधा जाव" म्हणे. पाच तासांनी घरी आली ती पाय सुजवून. तेव्हा सुयोगने मला खणातून काढलं. "काकी, प्रत्येक वळणावर एक फोटो काढ. येताना उलटे बघत ये."

मालन त्याच्याहून हुशार. जाताना प्रत्येक वळणावर थांबायची, मागे वळायची आणि मग फोटो काढायची. कारण परतताना समोर तेच दिसणार ना! दाबलं बटण की चालली पुढे. फोटोत कोण आलं, कोण गेलं, हे ती बघायची नाही. तिला माणूस नको होता, वळण पाहिजे होतं. उसाच्या रसाचं दुकान. तुटक्या दांडीचा दिवा. मशिदीचं हिरवं गेट. असं करत करत तिने चकाला घेतलं, मरोळ घेतलं, साकीनाक्याच्या गल्ल्या घेतल्या, जिथे पत्रा कापताना ठिणग्या पायावर उडतात. एका जागी दहा मिनिटं बसली तर मलाच चैन पडेना.

रोजचा पहिला फोटो विहिरीचा. गावठाणाच्या तोंडाशी दगडी विहीर, मागे रोझमेरीबाईचं घर. तिथून उजवीकडे, की मोकळं जग.

एकच खोड तिची. सेल जपायची. घरी आली की माझे सेल काढून खिडकीत उन्हाला ठेवायची, म्हणे ऊन खाऊन ताकद येते. येत नाही गं बाई! सेल काढले की मी तारीख विसरते. पुन्हा घातले की १ जानेवारी २०१०. मी तारीख विचारते, ती न वाचताच बटण दाबून मोकळी. म्हणून माझ्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत २०१० साल. याच खोडीने आमचा घात केला.

झालं असं. रोझमेरीबाईची लेक शॅरन, तिचं लग्न ठरलं. गावठाणातल्या या जुन्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड वाजवत, लुगडी नेसून बायका विहिरीवर जातात, 'उंबराचं पाणी' म्हणतात ते भरून आणतात. त्या पाण्याने नवरीची आंघोळ. गेली कितीतरी वर्षं गावठाणात सगळे ते नळावरच उरकायचे. शॅरन हटून बसली. "मला आजीसारखं विहिरीचंच पाहिजे. नळाचं काय, ते तर रोजच अंगावर घेते."

लग्नाला नऊ दिवस असताना ती मैत्रिणींना घेऊन विहीर साफ करायला गेली. झाकणाची जाळी सरकवली तर आत पाणी दिसेना. फुटक्या लाद्या, विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोणी. काठापासून हातभर खाली, गच्च.

सगळं गावठाण गोळा झालं. शॅरनचा मामा फ्रेडी पुढे. त्याने एक लादी उचलली, निळी, आणि सरळ मालनकडे आला.

"ही तुझ्या मोरीची लादी. गेल्या महिन्यात तुझ्या मोरीचं काम झालं. झालं का नाही?"

"झालं. काम घरमालकीणबाईंनी काढलं. गोणी मी नाय टाकल्या."

"मग काय विहिरीने चालत येऊन नेल्या?"

लोक हसले. मालन भडकली. "तुमची विहीर तुम्ही दहा वर्षं बघितली नाय, आणि मी रोज बघते! रोज फोटो काढते. हा घ्या, बघा!" आणि मला गळ्यातून काढून त्याच्या हातात कोंबलं.

फ्रेडीने पहिलाच फोटो बघितला. "दोन हजार दहा! अरे, ही बाई तेव्हा मुंबईत तरी होती काय? जुने फोटो दाखवते आपल्याला!" मग तर काय, टाळ्याच पडल्या. एकानेही पुढचा फोटो बघितला नाही. रोझमेरीबाई तेवढी म्हणाली, "जाऊ दे रे फ्रेडी, लग्नघर आहे." पण तो ऐकणार थोडाच. "आठ दिवसांत खोली खाली कर," म्हणाला.

शिवदासने रात्रपाळी सोडून नवी खोली कुठे शोधायची? नाहूरला कोणी म्हणालं, मुलुंडला कोणी. भाडेकरू म्हणून विहीर बुजवल्याचं नाव मागे लागलं, की पुढची खोली कोण देणार? मालन रडली नाही. भांडी आपटत बांधत राहिली. मला वाटत होतं, फुटावं आणि सगळे फोटो त्या अंगणात सांडावेत. कारण मला दिसलं होतं. मला माहीत होतं.

आज सहावा दिवस. पिशव्या दाराशी आहेत. आणि शॅरन आली आहे, एकटीच.

"काकी, तुमच्याकडे विहिरीचा फोटो आहे ना? भरायच्या आधीचा. पाणी तर मिळणार नाही. निदान फोटो तरी ठेवते."

मालनने मला तिच्या हातात दिलं. आता तिचा अंगठा माझ्या बटणावर आहे. एक फोटो, दुसरा, तिसरा. मी म्हणतेय, पोरी, सावकाश. लोकांनी आजवर माझ्यात स्वतःचं तोंड तेवढं शोधलं. तू मागचं बघ. तारीख चुकीची असेल, माझी खोड आहे ती; पण मी जे पाहिलं ते चुकीचं नाही. नवीन आलेल्या माणसावर बोट ठेवायच्या आधी एवढं तरी करा रे, एकदा नीट बघा.

ती थांबली.

"काकी, हे २०१० चं कसं असेल? मी तेव्हा पाचवीत होते, घर पिवळं होतं. इथे पोपटी आहे. पोपटी रंग लग्नासाठी दिला, महिना नाही झाला!"

"तेच बोंबलून सांगत होते मी," मालन म्हणाली.

शॅरनने फोटो मोठा केला. विहिरीच्या काठावर अंबादास, मोरीचं काम केलेला गवंडी, खांद्यावर गोणी. शेजारी एक बाई, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हात लांब करून विहिरीकडे दाखवतेय. मला ते शब्दही ऐकू आले होते: "दारात नको ठेवू रे, पाहुणे येतात. हितंच टाक. त्या विहिरीत कोण बघतं आता?" आणि सहा दिवसांपूर्वी लाद्या निघाल्या तेव्हा हीच बाई गर्दीत उभी होती आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

शॅरनने आणखी मोठा केला. तोंड स्पष्ट झालं.

दारात फ्रेडी. "झालं का गं सामान? टेम्पो बोलवू?"

"मामा, इकडे ये. बघ."

तो वाकला. बघितलं. माझ्यावरची धूळ बोटाने पुसली, परत बघितलं. मालनकडे मान वर करायची हिंमत झाली नाही त्याची. खिडकीशी गेला, आणि त्या पोपटी घराकडे तोंड करून सगळ्या गावठाणाला ऐकू जाईल असा ओरडला,

"रोझमेरी!"