सोमवारची अर्धशिशी

आधी डोळ्याच्या कडेला करवतीच्या दात्यांसारखं काहीतरी लखलखायचं. मग समोरच्या वस्तूची एक बाजू दिसेनाशी व्हायची, आणि घटकाभरात डोक्याची डावी बाजू अशी ठणकायला लागायची की मी गोठ्यातल्या अंधारात जाऊन पडायची. उजेड नको, आवाज नको, कुणी हाक मारली तरी ओकारी यायची. अर्धशिशी म्हणतात तिला. पण मला खरी भीती त्या दुखण्याची नव्हती.

चव्वेचाळीस साल होतं. आमचं गाव कराडजवळ. मालक लढाईवर इटलीत होते आणि ते सुखरूप यावेत म्हणून मी सोमवार धरले होते. दिवेलागणीपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. अशाच एका सोमवारी दुपारी सोप्यातल्या त्यांच्या फोटोकडे बघितलं, तर त्यांचं अर्धं तोंडच नव्हतं. एक डोळा होता, अर्धी मिशी होती, पुढं काही नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर खरं होईल असं वाटायचं. शहाणपणा केला तो एवढाच, की सोमवाराला शनिवार जोडला. झालं, डोकं शनिवारीही उठायला लागलं.

माझ्या सासूबाईंनी, रंगूआत्याबाईंनी, बाहेरची बाधा आहे असं ठरवून टाकलं आणि गुंडाला बोलावलं. गुंडा पंचक्रोशीतल्या बैलांना डागायचा, आणि वेळ असला तर माणसांनाही. त्यानं माझ्या कानशिलावर अंगठा दाबून जागा बघितली.

"शीर फुगलेली असतानाच हितं डाग द्याचा. येत्या सोमवारी येतो."

"आन डोळा?" मी विचारलं.

"डोळ्याचं काय सांगता येत न्हाई," तो म्हणाला आणि चंची काढून पान लावायला बसला.

मी माहेरी निरोप धाडला. माझे वडील आप्पासो आले आणि आत्याबाईंची कशीबशी समजूत घालून मला सांगलीला विष्णुपंत वैद्यांकडे घेऊन गेले. वैद्यांनी नाडी धरली.

"कोणत्या वारी उठतं?"

"सोमवारी. आन शनिवारी."

"त्या दिवशी काय करतेस?"

"काय न्हाई. उपास असतोय."

त्यांनी नाडी सोडली. "कुणाचं उन्हानं उठतं, कुणाचं जागरणानं. तुझं उपाशी पोटानं उठतं, पोरी. लोक पहाटे दूध-जिलबी खायला सांगतात ना? ती जिलबीची करामत नव्हे. दिवस उगवायच्या आत पोटात काही पडतं, त्याची. सध्या लढाईच्या दिवसांत जिलबीला साखर कुठली? तू दूध-भाकरी खा."

मग मी फोटोचं सांगितलं. पहिल्यांदाच.

"त्या वेळी माझ्याकडे पाहिलं असतंस, तर मीही अर्धाच दिसलो असतो," ते म्हणाले. "ते दुखण्याचं लक्षण आहे. अपशकुन नव्हे."

आप्पा हसले. मला हसू आलं नाही. माझं डोकं दुखायचं राहावं म्हणून मी खायचं, आणि तिकडं मालकांना गोळी लागली तर? वैद्यांचं काय जातंय सांगायला!

सोमवारी तांबडं फुटायच्या आधी चुलीपुढं बसून वाडग्यात भाकरी कुस्करली, वर दूध ओतलं. घास उचलला, पण हात तोंडापर्यंत जाईना. ही भाकरी पोटात गेली आणि दुपारी सरकारी तार आली तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"लीले, काय करतीयास?"

आत्याबाई दारात उभ्या होत्या. मग मी सगळंच सांगून टाकलं. वैद्यांचं, भाकरीचं, फोटोचंसुद्धा.

"अर्धं तोंड? माज्या लेकाचं?" त्या मटकन खाली बसल्या. इतके दिवस मला वाटत होतं, ही बाई माझ्यावर डूख धरून आहे. ती माझ्याइतकीच भ्यालेली होती.

मग त्यांनी वाडगा माझ्यापुढं सरकवला.

"खा. सोमवार मोडायचा न्हाई. आजपासनं त्यो म्या धरला."

"आवं, पर नवस माजा हाय..."

"नऊ म्हैनं पोटात वागवलाय म्या त्याला. माजा उपास देवाला चालंल. खा म्हन्ते न्हवं!"

मी रडत रडत खाल्लं. शेवटचा घास गिळेपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत.

गुंडा सांगितल्याप्रमाणे आला. त्यानं अंगणात विस्तव केला, त्यात विळा खुपसला आणि माझं डोकं उठायची वाट बघत बसला. मी खांबाला टेकून बसले. पितळी तांब्यावर ऊन चमकलं की काळजात धस्स व्हायचं, आली म्हणून. आत्याबाई एकदा माझ्याकडे बघायच्या, एकदा वाटेकडे. विळा लाल झाला, काळा पडला, पुन्हा लाल झाला. ऊन उतरलं. तार आली नाही, अर्धशिशीही आली नाही.

"गुंडा, जा घरला," आत्याबाई म्हणाल्या. तो पुटपुटत गेला.

दिवे लागले. देवाला नैवेद्य दाखवून झाला, तरी आत्याबाई ताटावर बसेनात. त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला, पदरानं काच पुसली आणि माझ्यापुढं धरला.

"बघ नीट. समदा दिसतोय न्हवं?"

मी चिमणी जवळ ओढली. दोन्ही डोळे होते. मिशीची दोन्ही टोकं होती.

"समदा हाय, आत्याबाई."

मग त्यांनी भाकरी मोडली.