कडू घास कोणाकोणाचा

आमच्या चाळीत बहात्तर खोल्या, आणि कुटुंब म्हणजे काय हे त्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. आजवर गरजच पडली नव्हती. चाळ पाडून टॉवर उभा करायचं ठरलं तेव्हा पडली.

बिल्डरच्या माणसाने सांगितलं, दर खोलीमागे एक यादी द्या. यादीत नाव असेल त्यालाच चाळ पाडल्यावर तात्पुरत्या खोलीत जागा, आणि त्यालाच पुढे नव्या घरात राहायचा हक्क. लोकांनी लगेच भाचे, पुतणे, साडू लिहून टाकले. एकाने दुबईतला मेहुणा लिहिला. तेव्हा तो माणूस वैतागून म्हणाला, कुटुंब म्हणजे कोण ते तुमची कमिटी ठरवू दे. एका ओळीत लिहून द्या, सगळ्यांना तोच नियम.

एका ओळीत! मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण एका ओळीत कोणाचा संसार मावत नाही एवढं मलाही कळतं.

माझ्या खोलीत मी आणि माया, दोघीच. माझे यजमान शामराव गिरणीत होते आणि मी घरात साठ माणसांची खाणावळ चालवायचे. चौतीस वर्षांपूर्वी देवगडकडून एकोणीस वर्षांची माया भाकऱ्या थापायला आली. गिरणी गेली, खाणावळ गेली, शामराव गेले. माया राहिली. तिचं लग्न जुळवायला मी दोनदा बघितलं, दोन्ही वेळा ती नाही म्हणाली, मीही तिसऱ्यांदा विचारलं नाही. गावी तिचं आता कोणी नाही, घराच्या जागी चार चिरे आहेत. ती मला मावशी म्हणते. पण मावशी मला अख्खी गिरणी म्हणायची, त्यामुळे त्या शब्दावर कोणी हक्क सांगू शकत नाही.

फॉर्म भरायला माझा मुलगा निलेश आला. तो डोंबिवलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याने पहिलं नाव माझं लिहिलं, दुसरं स्वतःचं, तिसरं सुनेचं, चौथं नातीचं, मनवाचं. मग पेनाला टोपण लावलं.

"आणि माया?"

"आई, इथे नात्याचा रकाना आहे. त्यात काय लिहू?"

"शिकलायस ना तू? तू शोध."

"कामवाली लिहितो. पण मग ती कुटुंबात येत नाही."

माया मोरीत बोंबील साफ करत होती. खोली केवढी, दहा बाय बाराची. ऐकू न यायला भिंत लागते, ती आमच्याकडे नाही. विळीचा आवाज मात्र थांबला नाही.

"रविवारी मीटिंग आहे," मी म्हटलं. "तोपर्यंत टोपण राहू दे लावलेलं."

मीटिंग खाली मंडळाच्या खोलीत, सकाळी दहाला. सेक्रेटरी उन्मेष, माझ्या शेजारच्या कमलाबाईंचा मुलगा. विमा कंपनीत नोकरीला, त्यामुळे कागद त्याला माणसासारखा वाटतो. तो जाडजूड शब्दकोश घेऊन आला होता. उघडून वाचायला लागला, तर त्यात कुटुंब म्हणजे बायको असंही दिलं होतं. म्हातारे हसले. एक जण म्हणाला, "मग विधुरांनी फुटपाथवर झोपायचं का रे?"

उन्मेषने शब्दकोश मिटला. "रेशन कार्ड धरू. एक कार्ड, एक चूल, एक कुटुंब. सरकारी पुरावा आहे."

"आणि कार्ड वेगळं असेल तर?" हे निलेशने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

"तर वेगळं कुटुंब. आणि त्याला वेगळी खोली नसेल तर..." उन्मेष कागदाकडे बघून बोलला. "सॉरी, मावशी."

इथे माझी चूक सांगायला हवी. रॉकेल कार्डावर मिळायचं त्या दिवसांत मी मायाचं वेगळं कार्ड काढून घेतलं होतं. दोन चुली कागदावर, पेटायची एकच. सगळी चाळ हेच करत होती. नंतर शहाण्यांनी कार्डं एकत्र केली. मी केली नाहीत. हुशारी केली की ती आवरून ठेवावी लागते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"उन्मेष," मी म्हटलं, "रॉकेलच्या रांगेत तुझी आई माझ्यापुढे दोन डबे घेऊन उभी असायची. दुसरा डबा कोणाच्या चुलीचा?"

"आजीच्या."

"आणि आजी कुठे होती?"

कोपऱ्यातून आवाज आला, "वरती. तिकडे रॉकेल लागत नाही." खोली हसली. उन्मेषही हसला, पण पेन त्याने खाली ठेवलं नाही.

"ते जाऊ दे, मावशी. टोमण्याने काम होणार नाही. कार्ड नको तर तुम्ही नियम सांगा. बहात्तर खोल्यांना लागेल असा."

"सांगते. आधी तुझ्या आईला एक विचारू दे."

कमलाबाई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या. आमचं बोलणं होतं आणि होत नाही, दोन्ही. त्या आठवड्यात होत नव्हतं.

"कमळ, शामराव गेले त्या दिवशी कडू घास कोणी आणला?"

आमच्या चाळीची रीत अशी. ज्या घरात मयत होतं त्या घरची चूल तीन दिवस पेटत नाही. स्मशानातून माणसं परत आली की शेजारच्या घरून पिठलं-भाकरी येते. तो कडू घास. घशाखाली उतरत नाही, पण घरच्यांनी तो खायचाच.

"मीच गो आणला. दुसरं कोण आणील?"

"पानं किती वाढलीस?"

"तीन. तुझं, निलेशचं, मायाचं."

"मायाला का वाढलंस? साठ माणसांच्या भाकऱ्या थापणारा हात तो. तुझी कंबर तेव्हाही धड नव्हती. तिला तुझ्या चुलीशी मदतीला का नाही बोलावलंस?"

कमलाबाई चिडल्या. "अगो, तिच्या घरात मयत! ती कशी चुलीला हात लावील? काय विचारतेस, डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी खाली बसले. "लिही, उन्मेष. तुझी आई बोलली ते."

त्याने दोनदा खोडून लिहिलं. मग वाचून दाखवलं, "ज्या घरात मयत झाल्यावर ज्याने चूल पेटवायची नसते, तो त्या घरच्या कुटुंबातला."

दुसऱ्या मजल्यावरचा राजेश उठला. "मावशी, आम्ही बौद्ध. आमच्यात सूतक नाही."

"सूतक कुठे लिहिलंय? तुझे वडील गेले तेव्हा तुमच्याकडे जेवण कुठून आलं?"

"शेजारून आलं."

"तुम्ही शिजवलं?"

"नाही. कोणाला सुचणार?"

"मग झालं तर."

राजेश "तेवढं बरोबर आहे" म्हणून बसला. हात वर झाले. दुबईतला मेहुणा लिहिणारा सोडून सगळ्यांचे. मला वाटलं, संपलं.

"मग निलेशचं कसं?" कमलाबाई म्हणाल्या. "त्याने कडू घास खाल्लान खरा, पण दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला ऑम्लेट केलान. मनवाच सांगत होती. पाच वर्षांची पोर, दहाव्याला आली तेव्हा गॅलरीभर सांगत फिरली, बाबांनी चीज घालून केलं."

निलेशचे कान लाल झाले. लहानपणीही त्याचे आधी कानच व्हायचे.

"आई, पोरीला भूक लागली होती."

"लागणारच. चूक काही केली नाहीस." हे मी मनापासून म्हटलं. "पण गॅस पेटला."

"मावशी, अपवाद घालता येईल," उन्मेष घाईने म्हणाला. "रक्ताचं नातं असल्यास, असं काहीतरी."

मी विचार केला. फार नाही, थोडाच. आज मुलासाठी ओळ सैल केली, तर उद्या तीच ओळ मायाच्या गळ्याशी कोणीही आवळली असती. बिल्डरचा माणूस, कमिटी, किंवा मी नसताना निलेशच. शब्द एकदा तोंडातून गेला की तो आपला राहत नाही. त्याचं वजन आपल्यालाही घ्यावं लागतं.

"खोड," मी म्हटलं. "दोन, तीन आणि चार."

"आई, मी तुझा मुलगा आहे!"

"आहेस की. ते कोण नाकारतंय? मुलगा कोण ते या कागदात विचारलेलंच नाही."

उन्मेषने आमचा फॉर्म पुढे ओढून तीन रेघा मारल्या आणि मायाचं नाव लिहिलं. मग रकान्याशी अडला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मायाकडे बघून म्हणाला, "नात्यापुढे काय लिहू?"

ती सकाळपासून बोलली नव्हती. "आत्ताच ओळ लिहिलीत ना?" ती म्हणाली. "तीच लिहा. परत परत काय विचारता?"

रकाना लहान, ओळ मोठी. उन्मेषने समासापर्यंत नेली. मी त्याखाली सही केली. माझी सही मायानेच शिकवलेली आहे, त्यामुळे ती तिच्या अक्षरासारखी येते.

वर आलो तेव्हा एक वाजला होता. निलेश दारात उभा राहिला, बूट न काढता.

"निघतो."

"जेवून जा."

"मी कुटुंबात नाही ना?"

"म्हणून तर. पाहुण्याला उपाशी लावून देत नाहीत."

त्याने घड्याळ बघितलं. मग बूट काढले. मायाने गॅस पेटवला, तवा ठेवला. एरवी ती पहिलं पान मला वाढते. आज त्याला वाढलं. त्याच्या लक्षात आलं की नाही, मी विचारलं नाही.

तीन भाकऱ्या खाल्ल्या त्याने. सकाळी आणलेले बोंबील संपले. आम्ही दोघींनी कालच्या आमटीवर भागवलं.