कागदकामाच्या बाई

प्रेमराज सरांनी नाताळ घरी साजरा करायचं ठरवलं, तेव्हा त्यांना स्वतःबद्दलच फार आदर वाटला. जळगावच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते. 'आंतरधर्मीय विवाह : काळाची गरज' हा गावोगावच्या व्याख्यानमालांमधला त्यांचा हातखंडा विषय. गरज काळाला असते तोवर ठीक असतं. यंदा ती त्यांच्या मुलीलाच पडली. पुनम पुण्यात नोकरीला होती, तिथे तिला धुळ्याचा आशिष साळवे भेटला, आणि सर सोफ्यावर बसल्या बसल्या काळाच्या पुढे निघून गेले.

पुनम नाताळच्या आदल्या दिवशी घरी यायची होती. त्याआधीच्या रविवारी आशिषची आई, सुलक्षणाबाई, धुळ्याहून एकटीच घर बघायला येणार होती. नर्स म्हणून निवृत्त झालेली, नवरा गेलेला. सरांनी ठरवलं, आपण घरात कागदी तारे लावायचे आणि ते घरीच करायचे.

"विकतच्या ताऱ्यात भावना नसते," ते बायकोला म्हणाले.

"भावना असू द्या," ममताबाई म्हणाल्या. "आबांना सांगितलं का?"

कौतिक आबा म्हणजे सरांचे थोरले काका. पारोळ्याजवळच्या गावी शेती, आणि भाऊबंदांत शब्द शेवटचा. सरांचे वडील लवकर गेले, तेव्हा सरांना शिकवलं ते त्यांनीच.

"सांगतो. योग्य वेळी." योग्य वेळ सरांच्या बोलण्यात नेहमी असायची. घड्याळात ती कधी यायची नाही.

मग सर मोबाइल समोर उभा करून घोटीव कागदाच्या घड्या घालायला बसले. मोबाइलमधली बाई एक घडी आत आणि एक बाहेर घालायला सांगे. सरांच्या सगळ्या आतच जात. पसरल्यावर तारे वादळात उलटलेल्या छत्र्यांसारखे दिसू लागले. तरी त्यांनी ते दोऱ्यात ओवून हॉलभर टांगले, कारण भावना दिसत होती.

रविवारी सुलक्षणाबाई ठरल्या वेळी आल्या. ममताबाई नेमक्या भरीत आणायला गेल्या होत्या. बाईंनी छत्र्यांकडे पाहिलं, हसू गिळलं आणि कापडी पिशवीतून एक चपटी घडी काढली. पांढरा बटर पेपर, आणि चुण्या नव्या साडीच्या निऱ्यांइतक्या नेमक्या. दोन टोकं धरून त्यांनी ती फिरवली, तसा पंख्यासारखा तारा उघडला.

"आमच्याकडे घरातल्या प्रत्येक माणसाचा एक तारा असतो," त्या म्हणाल्या. "माणूस घरात यायचं ठरलं की त्याच्या नावानं करायचा. नाताळात दाराला लावतो. हा पुनमचा. यंदा तुमच्या दाराला लावा, पुढच्या वर्षी आमच्या."

यावर चार शब्द बोलावेत म्हणून सरांनी मनात एक लांब वाक्य जुळवायला घेतलं. ते क्रियापदापर्यंत पोचायच्या आत फाटकाची कडी वाजली.

"परेमराज, शेस का घरमा?"

आबा. खांद्यावर वांग्यांची गोणी. मार्केट यार्डात माल उतरवून पुतण्याला घरची वांगी द्यायला आले होते, पिकअप दारात उभी होती. त्यांनी गोणी ठेवली आणि वर पाहिलं.

"हाई काय टांगेल शे?"

"तारे, आबा."

"बरं. आनी ह्या कोन?"

इतके दिवस सर जिची वाट पाहत होते ती योग्य वेळ चपला काढून घरात येऊन बसली होती. सरांनी तिला ओळखलं. आणि म्हणाले, "ह्या... कागदकामाच्या बाई. ममतानं क्लास लावलाय. घरी येऊन शिकवतात."

"कागद सिकीसन काय करस ती? कोठे गई?"

"बाजारात."

"मंग च्या कोन टाकी?" आबांनी प्राध्यापक पुतण्याकडे पाहिलं. तिथे काही आशा नव्हती. मग ते बाईंकडे वळले. "बाई, शिकवणी मंग. पहिले जरासा च्या टाका. दूध जास्त."

सुलक्षणाबाईंनी सरांकडे पाहिलं. फार वेळ नाही, नाडी बघायला लागतो तेवढाच. मग त्या उठल्या. "स्वयंपाकघर कुठंय?"

सरांनी बोट दाखवलं. त्यानंतर कधीही व्याख्यानाला उभे राहिले की त्यांना पहिलं ते बोट आठवू लागलं.

आतून डब्यांची झाकणं वाजू लागली. बाई साखर शोधत होत्या. साखर कुठे असते हे सरांना माहीत नव्हतं, त्यामुळे तेवढी मदतही त्यांना करता आली नाही. ममताबाई भरीत घेऊन आल्या, त्या स्वयंपाकघराच्या दारातच थिजल्या. होणारी विहीण गॅसपाशी उभी होती, आणि नवरा हॉलमध्ये कपाशीच्या भावावर बोलत होता.

आबांनी बशीत ओतून चहा संपवला. "बाईना हात चांगला शे," ते म्हणाले. उठता उठता त्यांची नजर टेबलावरच्या पांढऱ्या ताऱ्यावर गेली. "हाऊ बेस शे. तुन्या छत्र्या राहू दे. हाऊ माले दे. गाय व्यायनी, गोठामा लावसू."

"न्या की, आबा," सर म्हणाले. इतक्या चटकन ते एरवी कुणाला काही देत नसत.

बाईंनी तारा मिटला, आबांच्या हातात दिला आणि कसा उघडायचा तेही दाखवलं. "ओला होऊ देऊ नका," एवढंच म्हणाल्या.

पिकअप गेली. बाईंनी पुरीबरोबर दोन घास भरीत खाल्लं आणि त्या दुपारच्या बसला निघाल्या. फाटकापाशी थांबून म्हणाल्या, "सर, पुढचा क्लास कधी ठेवायचा?"

सर हसले. मग कळलं की हसायचं नव्हतं.

ममताबाई भांडल्या नाहीत. "पुनम आल्यावर आधी दार बघेल," म्हणाल्या आणि कप विसळायला घेतले. सरांनी बटर पेपर आणून पाहिला. आतली घडी आत, बाहेरची बाहेर, सगळं नीट केलं. उघडल्यावर पुन्हा छत्रीच झाली, फक्त पांढरी.

शेवटी ते गाडी काढून गावी गेले. आबांनी गोठ्यात वायर ओढून ताऱ्यात दिवा सोडला होता. खाली वासरू लुचत होतं. कडब्याची धूळ बसूनही एक चुणी हलली नव्हती.

"आबा, हा तारा परत पाहिजे."

"काबरं? क्लास बुडना का?"

"त्या कागदकामाच्या बाई नाहीत." सर वासराकडे बघत बोलले. "पुनमच्या होणाऱ्या सासूबाई आहेत. ख्रिश्चन आहेत."

शेवटच्या दोन शब्दांसाठी सरांनी अख्खं व्याख्यान तयार आणलं होतं. आबा तिथवर आलेच नाहीत.

"म्हंजे इहीण?"

"हो."

"मी इहीणले च्या टाकाले लावं?"

"हो."

"आनी तू बठेल व्हता."

सर चपलेनं खालचा कडबा सारू लागले.

"दूध जास्त टाका, आसं बी सांगं मी." आबा बाजेच्या कडेवर बसले. ज्यांच्याकडे विहिणीच्या ताटात पापड तुटका पडला म्हणून वऱ्हाड उठून जातं, त्यांच्यातला तो माणूस. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ ते काढलंच नाही. आबांची मान खाली गेलेली सरांनी पहिल्यांदाच पाहिली. ती आपण खाली घालायला लावली, हे कळायला समाजशास्त्र लागत नव्हतं.

"आबा, धर्माचा जो प्रश्न—"

"ते भांडन शेच. ते मी तुनासंगे सावकाश करसू." आबा उठले. त्यांनी दिवा काढला, तारा फुंकरीनं झटकला आणि बाईंनी दाखवला होता तसाच मिटला. "चाल. धुळे."

"आत्ता?"

आबा आधीच गाडीत जाऊन बसले होते. तारा मांडीवर, दोन्ही हात त्यावर. हमरस्ता लागल्यावर ते समोर बघत म्हणाले, "तठे गयात का बाईले उठू देवानं नही. च्या तू टाक."

सरांनी मान हलवली. धुळं जवळ येऊ लागलं तशी त्यांनी गाडी बाजूला घेतली. आधी पाणी की आधी दूध, हे विचारायला ममताबाईंना फोन लावला.

त्यांनी उचलला नाही.