सत्कारमूर्तींनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी

शनिवारी दुपारी तीनला बेल वाजली आणि अनघा दारापर्यंत पोहोचेतो बेल वाजवणारा लिफ्टमध्ये शिरून पसारसुद्धा झाला होता. चपलांच्या रॅकवर एक पिशवी ठेवलेली. तिच्यात शाल, नारळ आणि चिठ्ठी: 'वहिनी, शाल आमच्या वतीने तुम्हीच घाला. नारळ सॅनिटाइझ केला आहे. चार वाजता झूमवर भेटूच. – हेमचंद्र.'

आता बोला! माणसाचा सत्कार करायचा, पण त्याच्या दारात अर्धा मिनिट उभं राहायचं नाही. अनघाने पिशवी आत घेतली आणि मनातल्या मनात हेमचंद्रला दोन शिव्या घातल्या. उघड घालायची तिची अजून तयारी नव्हती. कारण काही झालं तरी मंडळ आपलं, माणसं आपली, आणि सिंगापूरच्या या ईस्ट कोस्टच्या काँडोत, म्हणजे सोसायटीत, अडीअडचणीला मराठीत हाक मारावी अशी तेवीस घरं तर आहेत.

सत्कार होता तिच्या नवऱ्याचा. निशिकांत एरवी कंपनीत सॉफ्टवेअर बघणारा, चष्मा लावणारा, मांजराच्या पावलांनी चालणारा माणूस. पण गेली पाच वर्षं दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी तो फायर स्टेशनवर ड्यूटीला जायचा. पगार नाही, भत्ता नाही, स्वयंसेवक म्हणून. रीतसर ट्रेनिंग घेतलेलं, परीक्षा दिलेली. कुणी विचारलं, कशाला हे नसते उद्योग, तर म्हणायचा, "शेजारी आग लागली तर बादली घेऊन धावायचं की नाही? मी फक्त धावायचं कसं ते शिकून घेतलंय."

एप्रिलमध्ये, सगळं सिंगापूर घरात बसलेलं असताना, बेडोकला एका ब्लॉकमध्ये आठव्या मजल्यावर आग लागली. निशिकांतने एका म्हाताऱ्या चिनी माणसाला पाठीवर घेऊन जिन्याने खाली आणलं. दोन दिवसांनी कळलं, म्हाताऱ्याला कोरोना होता. झालं! निशिकांत चौदा दिवस आतल्या खोलीत. ताट दाराशी ठेवायचं आणि मागे सरायचं. टेस्ट निगेटिव्ह आली, मुदत संपली, तो बाहेर आला. पण काँडोतली माणसं काही त्या खोलीतून बाहेर यायला तयार नव्हती. तो लिफ्टमध्ये शिरला की आतले दोघं बाहेर पडायचे. लेकीशी, इराशी, बाल्कनीतून गप्पा मारायलासुद्धा मैत्रिणी येईनात. आठ वर्षांची पोर एकदा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पप्पाज टेस्ट नेगेटिव्ह ऑलरेडी, व्हाय दे स्टिल स्केअर्ड लाह?"

आणि मग 'काही रहिवाशांचा' अर्ज आला. आगीच्या कामाला जाणाऱ्या रहिवाशाने फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी, म्हणजे जिच्यातून कचऱ्याचे डबे आणि जुनं फर्निचर जातं ती. आणि ड्यूटीनंतर चौदा दिवस राहण्याची सोय बाहेर करावी. दर दुसऱ्या शनिवारी ड्यूटी आणि प्रत्येक ड्यूटीनंतर चौदा दिवस बाहेर, म्हणजे माणसाने घरी यायचं तरी कधी? सोमवारी तो अर्ज मॅनेजमेंट कमिटीपुढे येणार होता. मंजूर झाला की निशिकांतला घर तरी सोडावं लागणार नाहीतर स्टेशन तरी.

गेले तीन आठवडे अनघा त्याच्या मागे लागली होती. सोड ते स्टेशन. शेवटी काल त्याने राजीनाम्याची मेल लिहिली. पाठवली नव्हती. "उद्या सत्कार होऊन जाऊ दे," म्हणाला. "लोक इतकं करताहेत. आणि संध्याकाळची ड्यूटी शेवटची म्हणून करून येतो." त्यात कडवटपणा नव्हता, हेच तिला जास्त लागलं होतं. माणूस इतका भोळा असावा?

साडेतीनला, आपल्याला कितव्या क्रमांकावर बोलायचंय ते बघावं म्हणून अनघाने हेमचंद्रची शीट उघडली. हेमचंद्र मंडळाचा सेक्रेटरी, पाया लेबारच्या एका कंपनीत मॅनेजर. त्याचं सगळं जग एका एक्सेल शीटमध्ये मावायचं. गणपतीचे मोदक कोण करणार, सहलीला कोण येणार, कुणाच्या सासूला बिनकांद्याचं लागतं, प्रत्येकाला वेगळी टॅब. नवीन शीट उघडणं म्हणजे त्याला संसार मोडल्यासारखं वाटत असावं. अनघाला त्याने लिंक पाठवली होती. उघडली तर तळाशी दोन टॅब. एक 'सत्कार'. दुसरी 'लिफ्ट'.

तिला वाटलं, झूमच्या आधी कुणीतरी फुलं घेऊन वर येणार असेल, त्याची व्यवस्था. तिने क्लिक केलं.

वर तोच अर्ज. 'काही रहिवाशांचा.' खाली एकोणीस नावं. पहिलं हेमचंद्रचं. दुसरं त्याच्या आईचं, विमलकाकूंचं. सातवी शिवांगी, जी आज स्वागतगीत म्हणणार होती. अकरावी अनुया, जिच्या मुलाचं डोकं बाल्कनीच्या गजात अडकलं तेव्हा निशिकांत जेवणावरून उठून धावला होता. अनघाने पहिली टॅब उघडली, दुसरी उघडली, पुन्हा पहिली. दोन्हीकडे तीच नावं. ओठात एक आणि पोटात एक हे तिने ऐकलं होतं, पण ते दोन्ही एकाच शीटमध्ये, हेडिंग ठळक करून!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निशिकांत आत इस्त्रीचा शर्ट घालत होता, गुणगुणत होता. तिने त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जाऊ दे गं.

चार वाजता झूम सुरू झालं. चौकटीचौकटीत रेशमी साड्या, झब्बे, एकाच्या मागे नकली समुद्रकिनारा. शिवांगीने स्वागतगीत म्हटलं. अनघाने निशिकांतच्या खांद्यावर शाल घातली, तशा सगळ्यांनी आपापल्या घरात टाळ्या वाजवल्या. हेमचंद्रने भाषण केलं. "निशिकांत म्हणजे आपल्या काँडोची शान! अशा योद्ध्याच्या पाठीशी आपण सगळे, एक कुटुंब म्हणून, ठामपणे उभे आहोत." त्याच्या शेजारी विमलकाकू डोळे पुसत बसल्या होत्या. काकू जानेवारीत साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाली तशा इथेच अडकल्या. "आता अनघावहिनी दोन शब्द बोलतील."

"दोन नाही, एकोणीस बोलते," अनघा म्हणाली आणि तिने स्वतःची स्क्रीन शेअर केली. "हेमचंद्रभावजींनीच लिंक पाठवलीय. पहिली टॅब सत्काराची. ही दुसरी. वाचते. हेमचंद्र. विमलकाकू. राजस..."

"वहिनी, ती चुकून... ते वेगळं आहे," हेमचंद्र म्हणाला.

"वेगळं कुठे? माणसं तीच आहेत की!" ती वाचत राहिली. नाव घेतलं की ती ती चौकट काळी व्हायची. शिवांगीचा कॅमेरा गेला, अनुयाचा गेला. नकली समुद्रकिनारा तेवढा राहिला, माणूस त्यातून उठून गेला होता. निशिकांतने तिच्या दंडाला हात लावला. तिने तो झटकला. "थांब निशी. तोंडावर शान म्हणायचं आणि मागून कचऱ्याच्या लिफ्टने जा म्हणायचं! लाजा नाही वाटत? समोर येऊन सांगितलं असतंत की भीती वाटते, तर मी चहा दिला असता. भीती मलाही वाटते."

"माझं नाव कुणी घातलं?" हा विमलकाकूंचा आवाज. "हेमू, मी कुठे सही केली रे?"

"आई, नावं थोडी कमी पडत होती, म्हणून..."

"म्हणून माझं नाव? काढ. आत्ता काढ. माझ्यादेखत."

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दुसरी ओळ पुसली गेली. अठरा उरली. आणखी कुणी काढा म्हणालं नाही.

अनघाने स्वतःच्या चौकटीकडे बोट दाखवलं. "एक नाव यात राहिलंय. माझं. तीन आठवडे मी याला रोज सांगतेय, सोड. काल त्याने राजीनामा लिहिला, तो तुमच्या अर्जाने नाही, माझ्या तोंडाने. तेव्हा घाला मलाही त्या यादीत."

निशिकांतने शाल काढली, घडी केली आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे नीट बघितलं.

"बेडोकच्या त्या म्हाताऱ्याला मी माझा मास्क लावला होता," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच हळू. "धुराने जीव घाबरा झालेला. आठ मजले तो माझ्या पाठीवर होता. खोकला आला की मास्क असूनसुद्धा मान वळवून भिंतीकडे तोंड करायचा. मी सांगितलं, अंकल, डोकं टेकवा, पडाल. तर म्हणे, 'नो, नो. यू गॉट फॅमिली.' आठ मजले त्याने मान तशीच धरली. मरायला टेकलेल्या माणसाला एवढं कळत होतं. सोमवारी काय ठरवायचं ते ठरवा. मला सात वाजता ड्यूटी आहे. या शनिवारी आहे आणि पुढच्या पाळीलाही आहे."

त्याने लॅपटॉप बंद केला. मग फोन घेतला, राजीनाम्याची मेल शोधली आणि पुसून टाकली.

अनघा तिथेच बसून राहिली. अर्ध्या तासापूर्वीचा तिचा सगळा संताप आता तिच्यावरच उलटला होता. "मला हे का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? मी घरी आलो तेव्हा तू एवढंच विचारलंस, त्याला हात लावला होतास का."

खरं होतं ते. शब्दन् शब्द खरा. तिने डोळे पुसले, नाक ओढलं.

"जगले का रे ते?"

"नाही. पाचव्या दिवशी गेले."

स्टेशनवर जायची बॅग भरायला तो आत गेला. ती त्याच्या मागे गेली, दारात उभी राहिली आणि आज महिन्याने तिने विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"यो बून हाय," निशिकांत म्हणाला. "बस, सांगतो."